एका मिनिटाचे दफ्तर

तिलारीच्या खोऱ्यात पौषातली थंडी सकाळी नऊ वाजले तरी हलत नाही. माडांच्या झावळ्यांवरून दव टपकत असते आणि घराघरांतून चुलीचा धूर कौलांच्या फटींतून सावकाश वर जातो. दोडामार्ग तालुक्यातल्या अशाच एका वाडीवर आशाताईंच्या, म्हणजे तिथल्या आशा स्वयंसेविकेच्या, मागून गेलो होतो. घरात चौदा दिवसांचे बाळ होते. ताईंनी पिशवीतून थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, टॉर्च काढून गोधडीवर मांडले आणि शेवटी डिजिटल घड्याळ हातात घेतले. बाळाच्या अंगावरचे पांघरूण पोटापुरते बाजूला केले. आई त्याला पाजायला घेणार, तोच म्हणाल्या, "रव गो जरा. माका मोजूंक दी."

आजी बोलायची थांबली. पुढचे एक मिनिट त्या घरात एक इवलेसे पोट वर-खाली होत होते आणि एक बाई ओठ न हलवता मोजत होती.

"बासष्ट," ताई म्हणाल्या. मग आजीचा चेहरा बघून लगेच, "आत्ताच रडान गप झालोसा. पाच मिनटांनी परत मोजतंय."

दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले की तो धोका समजायचा. एकोणसाठ भरले तर नाही. ही रेघ कोणी मारली? आणि कोकणातल्या एका वाडीवर, डॉक्टर नसलेल्या, स्टेथोस्कोप नसलेल्या बाईच्या हातात ती कशी आली? प्रश्न त्या पाच मिनिटांतला. उत्तरासाठी मात्र जुन्या कागदांत बराच काळ बसावे लागले. त्या कागदांतून जे निघाले ते लिहितो आहे.

आपल्याकडे जगण्यापेक्षा मरण्याच्या नोंदी जुन्या. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, हल्ली लोक जातीच्या दाखल्यासाठी धुंडाळतात. मूळ ती जन्ममृत्यूची वही. ब्रिटिश मुलखात गावकामगार मरणाचे कारण सांगे आणि ते ठरावीक खणांपैकी एकात बसवले जाई: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार-हगवण, श्वसनाचे विकार, इजा, बाकीचे. 'ताप' हा खण सगळ्यांत मोठा. जे दुसरीकडे बसेना ते तिथे. छाती भरून गेलेले मूल तापलेलेही असतेच, त्यामुळे तेही तिथेच. १९१८च्या फ्लूचे बहुतेक बळीही याच खणात गेले, आणि हिंदुस्थानचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांना १९१९चा प्राथमिक अहवाल लिहिताना तापाच्या आकड्यांतूनच फ्लू उपसून काढावा लागला.

आजचा दोडामार्ग तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता. संस्थानची लोकसंख्या १९११च्या खानेसुमारीत सुमारे २ लाख १७ हजार, १९२१ला सुमारे २ लाख ६ हजार. ही अकरा हजारांची तूट म्हणजे फ्लू, असे कोणी सांगितले तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. त्याच दशकात प्लेग होता, मुंबईच्या गिरण्या होत्या, आणि गेलेला चाकरमानी खानेसुमारीच्या रात्री गावात नसे. या आकड्यांवरून एवढेच म्हणता येते की ते दशक या मुलखाला वाईट गेले. फ्लूने माणसे नेमकी कशी मेली हे कळायला आणखी नव्वद वर्षे जावी लागली. २००८ मध्ये अमेरिकेत मॉरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी १९१८-१९ मधल्या शवविच्छेदनांतून जपून ठेवलेले फुप्फुसांचे तुकडे पुन्हा तपासले. जवळजवळ सगळ्यांत फ्लूच्या पाठोपाठ घुसलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला. म्हणजे 'ताप' या खणात जे झाकले गेले त्यातले बरेचसे शेवटी छातीचेच होते.

डॉक्टर नसलेल्या माणसाने न्यूमोनिया ओळखायचा, ही कल्पना छापील कागदात नीट दिसू लागते ती पंजाबात. लुधियाना जिल्ह्यातल्या नारंगवालला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे कार्ल टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे काम केले. तिथल्या आरोग्यसेविका मुलांना पेनिसिलिनची इंजेक्शने देत आणि न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले. पण ओळखायचे कशावरून, हा प्रश्न उरलाच. छातीतला आवाज ऐकायला कान तयार लागतो, एक्स-रे लागतो, तो वाचणारा लागतो.

याचे उत्तर पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातून आले. गोरोका इथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन आणि सहकारी यांनी १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये मांडले की खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजा आणि श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते का ते बघा. औषध द्यायचे की दवाखान्यात पाठवायचे याचा निर्णय एवढ्यावर होतो. १९८८ला वेल्लोरच्या चेरियन, जॉन आणि इतरांनी 'लॅन्सेट'मध्ये तेच आपल्याकडच्या मुलांवर पडताळून दाखवले. वर्षाच्या आतल्या मुलाला पन्नास, वरच्याला चाळीस अशा रेघा पक्क्या होत गेल्या. साठ ही तान्ह्या बाळाची रेघ, कारण निरोगी तान्हे मूलही भराभर श्वास घेते आणि मधूनच थांबते. म्हणून त्याचे श्वास दोनदा मोजायचे, आणि पुरते एक मिनिट मोजायचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे चालत नाही.

डोळ्यांना दिसणारी खूण आणि बोटांवर येणारी संख्या इथपर्यंत तयार झाली. आता ती गावात न्यायची होती, आणि इथे कागद आपल्याला गडचिरोलीत नेतात.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला १९८२ मध्ये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे नागपूरचे पदवीधर जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे कार्ल टेलर त्यांचे शिक्षक होते, तेव्हा नारंगवालचा धागा असा सरळ हातातून हातात आलेला आहे. परत येऊन त्यांनी १९८६ला 'सर्च' ही संस्था काढली. माझ्यासमोर आहे तो त्यांचा जुलै १९९०च्या 'लॅन्सेट'मधला लेख. अवघी सहा पाने, ३३६व्या खंडाच्या २०१ ते २०६. लेखकांची नावे सात. बंग दाम्पत्य सोडले तर टाले, सोनटक्के, सोळंकी, वरगंटीवार, केळझरकर. इंग्लंडच्या दीडशे वर्षांहून जुन्या नियतकालिकात ही आडनावे छापलेली बघून मी उगाचच थोडा वेळ पान उलटले नाही.

लेखाचा गाभा असा. एकूण १०२ गावे. त्यांतल्या ५८ गावांत काम करायचे, ४४ गावांत नुसती मोजदाद. ५८ गावांत लोकांना न्यूमोनिया म्हणजे काय ते सांगितले, आणि निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी यांना श्वास मोजून तो ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवले. को-ट्रायमोक्साझोल म्हणजे दोन जुन्या औषधांची जोडगोळी: ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्साझोल. सुई नाही, बर्फ नाही, सहज तोंडाने देता येणारे आणि तेव्हा बाजारातले अगदी स्वस्त प्रतिजैविक.

निष्कर्षांत ६१२ आजारी मुले आहेत. त्यांतली ०.८ टक्के दगावली. सरळ करून सांगायचे तर पाच. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के. लेखातला हा सगळ्यांत नजरेत भरणारा जोड आकडा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत सावधपणे वाचायचा तोही हाच. जिथे बाई दारोदार श्वास मोजत फिरते तिथे हलके न्यूमोनियेही पकडले जातात. जिथे कोणी मोजत नाही तिथे जे पोर फार खालावते तेच आजारी म्हणून गणले जाते. छेद बदलला की टक्का बदलतो. त्यामुळे ०.८ आणि १३.५ समोरासमोर ठेवून जवळजवळ सतरापट फायदा सांगणे बरे नव्हे.

खरी साक्ष पुढच्या ओळीत आहे, कारण तिचा छेद दोन्हीकडे एकच आहे: गावातली पाच वर्षांखालची सगळी मुले. दर हजारी न्यूमोनियाने गेलेली मुले काम झालेल्या गावांत ८.१, तुलनेच्या गावांत १७.५. सगळ्या कारणांनी गेलेली २८.५ विरुद्ध ४०.७. अर्भकमृत्यू दर ८९ विरुद्ध १२१. इथे पेन्सिल घेऊन बसण्यासारखे आहे. न्यूमोनियातला फरक हजारी ९.४ आहे, एकूण मृत्यूंतला १२.२. म्हणजे वाचलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून थोडे जास्त न्यूमोनियाच्या खात्यात जातात. उरलेले हजारी २.८ कुठून आले? तेच औषध दुसऱ्या संसर्गांवरही लागू पडले असेल. गावागावांत मुळातच काही फरक असेल. गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. किंवा मरणाचे कारण ठरवतानाच काही मुले या खणातून त्या खणात गेली असतील. कोतवाल बुकाचा जुना रोग इथेही पुरता सुटलेला नाही.

खर्चाची ओळ मात्र विलक्षण आहे. औषधाचा खर्च गावातल्या दर मुलामागे वर्षाला ०.०२५ डॉलर आणि वाचलेल्या दर मुलामागे २.६४ डॉलर. हजार मुलांमागे औषध २५ डॉलरचे, त्याला ९.४ने भागले की २.६६ येतात, तेव्हा हिशेब करणाऱ्यांनी श्रेय फक्त न्यूमोनियाच्या फरकाचे घेतले, १२.२चे नाही, हे उघड आहे. मोह टाळलेला दिसतो. त्या वेळच्या भावाने वाचलेल्या एका पोरामागे पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपये. अर्थात हे नुसत्या औषधाचे. सुइणीला शिकवायला गेलेले दिवस, पायपीट, पाऊस, रात्री दार ठोठावणारे शेजारी, हे या ओळीत कुठेच नाही.

मरणाचे कारण ठरवले कसे, हेही त्याच लोकांनी दोन वर्षांनी बुलेटिनमध्ये वेगळे लिहिले. मूल गेल्यावर त्या घरी जायचे, आईला विचारायचे: खोकला होता का, श्वास कसा चालला होता, किती दिवस, आणि उत्तरांवरून ठरलेल्या निकषांनी कारण लावायचे. या पद्धतीला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. शब्द कोरडा आहे. ८.१ आणि १७.५ या दोन्ही आकड्यांच्या मागे अशा ओसऱ्या आहेत, जिथे कोणी वही उघडून बसले होते आणि समोर मूल नुकतेच गेलेली बाई आठवून आठवून सांगत होती. ४४ गावांतल्या आयांनी तर बदल्यात काहीच न मिळता हे सांगितले. त्यांच्या आकड्याशिवाय दुसऱ्या आकड्याला अर्थ नव्हता.

आता या दफ्तरातला माझा आवडता कागद. १९९२, 'इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स', ५९वा खंड, पुन्हा सहाच पाने. विषय एक खेळण्यासारखी वस्तू: श्वासमापक. अडचण अशी झाली होती की सुइणी हुशार होत्या, हात अनुभवी होते, पण अक्षरओळख नव्हती आणि आकडे पन्नास-साठपर्यंत न चुकता जात नव्हते. डझनाच्या पुढे मोजायची वेळच आयुष्यात कधी आली नव्हती. घड्याळ वाचणेही तसेच. मग एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ घेतले आणि त्याला पाटीवर असतात तसे मणी जोडले. वाळू उलटी करायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, नाही सरकला तर साधे सर्दी-पडसे.

साठ ही संख्या यात कुठेही येत नाही, हे लक्षात घ्यावे. गोरोका आणि वेल्लोरला जी रेघ आकड्याची होती ती इथे रंगाची झाली. सुइणीला साठ माहीत असण्याची गरज उरली नाही. दहा माहीत असले, आणि दहा तर बोटांवरच असतात, की पुरे. लोकांना शिकवून आपल्या यंत्रापर्यंत चढवायचे की यंत्र त्यांच्यापर्यंत उतरवायचे, यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली. एवढ्या थोड्या मण्यांत निकाल लावलेला दुसरा नमुना मला माहीत नाही.

१९९४च्या बुलेटिनमध्ये सुइणींच्या कामावर स्वतंत्र लेख आहे आणि त्याचा निर्वाळा असा की न्यूमोनिया हाताळण्याचे काम त्यांना जमते. त्याआधी १९९३ला ब्रिटनच्या बालरोग नियतकालिकात एक लेख आला तो नवजात बाळांच्या न्यूमोनियावर. त्याचे शीर्षकच प्रश्नचिन्ह घेऊन येते: नवजाताचा न्यूमोनिया गावात हाताळता येईल का? हे प्रश्नचिन्ह प्रामाणिक आहे. मोठ्या मुलांत जे साधले ते पहिल्या महिन्यातल्या बाळांत तितके साधले नव्हते. इतक्या लहान जिवात न्यूमोनिया छातीपुरता राहत नाही, रक्तात पसरतो. तोंडावाटे दिलेले औषध तिथे अपुरे पडते.

त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर डिसेंबर १९९९च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. ३९ गावे विरुद्ध ४७. या वेळी हाती सुई आहे: पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायका घरोघर जाऊन बाळ तपासतात आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, आईबाप दवाखान्यात जायला तयार नसले, तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देतात. नवजात मृत्युदर ६२वरून २५.५वर आला, तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. संसर्ग झालेल्या बाळांत आधी १६३पैकी २७ गेली होती, उपचार सुरू झाल्यावर ७१पैकी २. बाळामागे खर्च ५.३ डॉलर.

गावातल्या बाईच्या हातात सुई द्यावी का यावर डॉक्टरमंडळींत वाद झाला, आणि तो पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही. सरकारने २०११ मध्ये घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर घेतला तेव्हा भेटी घेतल्या, वजनकाटा घेतला, श्वास मोजणे घेतले; सुई मात्र आशाकडे गेली नाही, ती नर्सबाईंकडेच राहिली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की आशाला २५० रुपये. वाळू आणि मणी या वाटेवर कुठेतरी गळले. साहजिक आहे, आशा शिकलेली असते, तिला साठपर्यंत आकडे येतात आणि डिजिटल घड्याळ वाचता येते. त्या वाडीवर गोधडीवर मांडलेल्या वस्तू या १९९९च्या लेखाच्या वारस आहेत, १९९२च्या नव्हेत.

औषधही बदलले. १९९०ला केंद्र सरकारने श्वसनसंसर्गाचा कार्यक्रम १४ जिल्ह्यांत करून पाहिला आणि १९९२पासून माता-बाल कार्यक्रमात तो सगळीकडे घेतला, तेव्हा उपकेंद्राच्या कपाटात को-ट्रायमोक्साझोलच्याच गोळ्या होत्या. पुढे जिवाणू त्याला दाद देईनासे झाले. आज त्या जागी अमॉक्सिसिलिन आहे. किती दिवस द्यायचे? जुना रिवाज पाच दिवसांचा. २००४च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये भारतातल्या सात रुग्णालयांनी मिळून केलेला प्रयोग आहे: २,१८८ मुले, साधा न्यूमोनिया, निम्म्यांना तीन दिवस आणि निम्म्यांना पाच दिवस. बरे झाले ८९.५ टक्के आणि ८९.९ टक्के. दोन दिवसांचे औषध आपण उगाच देत होतो. छाती आत ओढणाऱ्या मुलालाही दवाखान्यात ठेवून सुया टोचण्याऐवजी घरी तोंडाने औषध देऊन भागते का, हेही वेगवेगळ्या देशांत तपासले गेले; आपल्याकडच्या त्या प्रयोगाची सूत्रे नागपूरच्या डॉ. अर्चना पटेल यांच्याकडे होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ला नियम सैल केले ते अशा कागदांच्या बळावर.

मग या रेघेवरच प्रश्न आला. नुसता श्वास जलद, बाकी मूल खेळते आहे, पिते आहे, अशा मुलांना मुळात औषधाची गरज असते का? कराचीच्या झोपडपट्ट्यांत ४,००२ मुलांवर हा प्रयोग झाला आणि २०२०ला तो छापून आला. निम्म्यांना अमॉक्सिसिलिन, निम्म्यांना तसेच दिसणारे बिनऔषधी सरबत. उपचार फसला असे औषधाच्या गटात २.६ टक्के, बिनऔषधी गटात ४.९ टक्के. म्हणजे एका मुलाला वाचवायला नव्हे, एका मुलाचा आजार वाढणे टाळायला ४४ मुलांना औषध द्यावे लागते; बाकीची त्रेचाळीस आपसूकच तशी राहिली असती. मालावीतही थोड्याफार फरकाने असेच दिसले. कारण जलद श्वासाच्या मागे बहुतेकदा विषाणू असतो आणि विषाणूवर अमॉक्सिसिलिन चालत नाही.

यावरून गडचिरोलीचे १९९०चे श्वास फुकट मोजले असे ठरवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. ज्या गावांत हजारातली चाळीस मुले वर्षाला जात होती तिथली उपासमार, गोवराची लस न मिळालेली मुले, धुराने भरलेली घरे आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर घेऊन तो लाल मणी सरकत होता. त्या प्रयोगाच्या वेळच्या कराचीत मुलांना हिमोफिलस आणि न्यूमोकोकस या दोन मुख्य जिवाणूंच्या लशी टोचलेल्या होत्या. आपल्याकडे न्यूमोकोकसची लस २०१७ला हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशात सुरू झाली आणि २०२१ला देशभर गेली: सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. याच लशीचा एक स्वस्त प्रकार पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटने २०२०च्या अखेरीस बाजारात आणला. लस आली की तीच संख्या वेगळे बोलू लागते. साठ हा आकडा तोच राहतो, त्याच्यामागचा जंतू बदलतो.

२०१९च्या नोव्हेंबरात केंद्राने 'सांस' नावाची मोहीम काढली. तीत आशाने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवायचे आणि उपकेंद्रात बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. श्वासाच्या संख्येला आता प्राणवायूच्या टक्क्याची जोड आहे. दोडामार्गात 'पुढे' म्हणजे साटेली-भेडशीचे आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, आणि फारच बिकट असेल तर हद्द ओलांडून गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय. हे अंतर कोणत्याही शोधनिबंधात नाही.

हा तालुका झाला १९९९ला, त्याच वर्षी गडचिरोलीचा 'लॅन्सेट'मधला तो दुसरा लेख छापून आला. योगायोग, बाकी काही नाही. दोडामार्गचे नाव वैद्यकीय नियतकालिकांत गेले ते वेगळ्याच कारणाने. जानेवारी २०१६ मध्ये केर गावच्या परिसरात माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ माणसे तापाने पडली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो माकडताप असल्याचे सिद्ध केले. गोचिडीने पसरणारा, रानात काजूला जाणाऱ्यांना गाठणारा रोग. त्याचे नमुने, तारखा, नकाशे सगळे छापलेले आहे. दुर्मीळ तापाची अशी नीट नोंद होते. पोरांचा खोकला मात्र रोजचा, आणि रोजच्याला दफ्तर नसते, आशाच्या पिशवीतला एक कागद सोडला तर.

त्या कागदावर ताईंनी बाळाचे वजन लिहिले होते, तापमान लिहिले होते. श्वासाची जागा रिकामी ठेवली होती. मध्यंतरी आईने बाळाला पाजले, त्याने ढेकर दिला, डोळे मिटले. आजीने मला कोरा चहा आणून दिला. ताईंनी पुन्हा पांघरूण बाजूला केले, घड्याळ पुन्हा शून्यावर आणले. या वेळी कोणाला थांब म्हणावे लागले नाही.

"चोपन," त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या जागी ५४ लिहून कागदाची घडी घातली. बासष्ट त्यांनी कुठेच लिहिले नाही.